ल्युपस आणि हृदयस्नायूचा दाह : तरुण वयातील धापेमागचे दुर्लक्षित कारण

‘सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस’ अर्थात एसएलई या व्याधीला बोलण्यात नुसते ल्युपस म्हटले जाते. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणा शरीराच्याच पेशींवर उलटते आणि त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त, मेंदू अशा अनेक अवयवांना इजा करते, असे या व्याधीचे स्वरूप आहे. गालांवर उमटणारा फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा ही तिची सर्वपरिचित खूण. मूत्रपिंडाला होणाऱ्या इजेविषयीही आता बरीच जागरूकता आली आहे. हृदयाचा उल्लेख मात्र सहसा शेवटी होतो, आणि त्यातही हृदयाच्या स्नायूला येणारी सूज, म्हणजे ‘मायोकार्डायटिस’, अनेकदा ध्यानातच घेतली जात नाही. हा विकार कमी रुग्णांत आढळतो. पण ज्यांना होतो त्यांच्यासाठी पहिले काही दिवस निर्णायक ठरतात, कारण वेळीच ओळखला तर तो बऱ्याच अंशी आटोक्यात येतो आणि निदान लांबले तर हृदय कायमचे दुबळे होऊ शकते.

ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो ऐन उमेदीच्या, संततीच्या वयात गाठतो. पंचविशीतील स्त्रीला धाप लागली तर घरात, आणि कधी दवाखान्यातही, रक्तक्षय, अशक्तपणा, दमा किंवा मनावरचा ताण ही कारणे आधी सुचतात. या वयात हृदयविकार कसा असेल, हा समजच निदानाच्या आड येतो.

व्याधीचा इतिहास

लॅटिन भाषेत ‘ल्युपस’ म्हणजे लांडगा. त्वचेवरील खोल जखमा लांडग्याने लचका तोडल्यासारख्या दिसतात, या कल्पनेवरून मध्ययुगीन युरोपात हा शब्द रूढ झाला. हा विकार केवळ त्वचेचा नसून सर्व शरीराचा आहे, हे १८७२ मध्ये व्हिएन्नातील त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ कापोसी यांनी मांडले. पुढे १८९५ ते १९०४ या काळात विल्यम ऑस्लर यांनी अंतर्गत अवयवांना होणाऱ्या इजेची वर्णने प्रसिद्ध केली. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील इमॅन्युएल लिबमन आणि बेंजामिन सॅक्स यांनी हृदयाच्या झडपांवर वाढणाऱ्या, जंतूविरहित गाठींचे वर्णन केले. ‘लिबमन-सॅक्स एन्डोकार्डायटिस’ हे नाव आजही वैद्यकात वापरले जाते.

स्टिरॉइड औषधे उपलब्ध होण्यापूर्वी या रुग्णांचे भवितव्य बिकट होते. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात निदानानंतर चार वर्षांनी सुमारे निम्मेच रुग्ण हयात असल्याचे आढळले. कॉर्टिसोनच्या शोधासाठी १९५० चा नोबेल पुरस्कार देण्यात आला आणि त्यानंतर या व्याधीचे चित्र पालटू लागले. आज योग्य उपचार मिळणाऱ्या दहांपैकी नऊ रुग्ण निदानानंतर दहा वर्षांनीही हयात असतात.

भारतात ही व्याधी किती जणांना आहे, याविषयी वारंवार उद्धृत होणारी पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. दिल्लीजवळच्या ग्रामीण भागातील त्या पाहणीत लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले. त्याच दराने २०११ च्या जनगणनेतील गोव्याच्या १४.५८ लाख लोकसंख्येत चाळीस ते पन्नास रुग्ण निघतील. त्या पाहणीनंतर रक्ततपासण्या पुष्कळ सुलभ झाल्या आहेत, हे लक्षात घेता हा अंदाज खालच्या बाजूचा मानणेच योग्य.

हृदयाचा कोणता भाग बाधित होतो?

हृदयाचे तीन थर मानले जातात : बाहेरचे आवरण, मधला स्नायू आणि आतले अस्तर. ल्युपस या तिन्ही थरांना बाधित करू शकतो. सर्वाधिक आढळतो तो बाह्य आवरणाचा दाह. त्यात छातीत टोचल्यासारखे दुखते, आडवे झाल्यावर वेदना वाढते आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होते. आवरणात पाणीही साठू शकते. अस्तराच्या बाधेत झडपा जाड होतात किंवा गळू लागतात. मधल्या स्नायूचा दाह यांहून विरळा आहे. तो लक्षणांसह प्रकट होण्याचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत दहा टक्क्यांहून कमी आढळते. मात्र स्टिरॉइडपूर्व काळातील शवविच्छेदनांत निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या हृदयस्नायूत दाहाच्या खुणा सापडत. म्हणजेच अनेकांच्या हयातीत हा दाह मूक राहत असे.

त्यामागची प्रक्रिया अशी : शरीराने स्वतःच्याच घटकांविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे त्या घटकांशी बांधली जातात. हे संयुक्त कण हृदयस्नायूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर साचतात. तेथे पांढऱ्या पेशी जमतात, सूज येते, स्नायूतंतू नष्ट होतात आणि त्यांच्या जागी व्रणासारखी कठीण ऊती तयार होते. मऊ व लवचीक स्नायूची जागा अशा निबर ऊतीने घेतली की हृदयाची आकुंचनशक्ती घटते. विजेचे संदेश वाहून नेणाऱ्या तंतूंपर्यंत ही इजा पोहोचली, तर ठोके अनियमित होतात.

लक्षणे आणि फसवे साम्य

धाप लागणे, छातीत धडधडणे, छातीत दुखणे, विलक्षण थकवा, पायांवर सूज, रात्री सपाट झोपता न येणे ही मुख्य लक्षणे होत. एक खूण विशेष महत्त्वाची आहे, ती म्हणजे विश्रांतीतही वेगाने चालणारी नाडी. प्रौढ व्यक्तीच्या नाडीचे ठोके विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० असतात. ताप एक अंश फॅरनहाइटने वाढला की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, असा ढोबळ नियम आहे. ताप नसताना किंवा अगदी किरकोळ असताना नाडी सतत शंभराच्या वर राहत असेल, तर ल्युपसच्या रुग्णात हृदयस्नायूच्या दाहाची शंका घ्यावी लागते. नाडी मोजण्यास घड्याळ आणि एक मिनिट पुरते. कोणत्याही आरोग्य उपकेंद्रात ते करता येते.

पण हीच लक्षणे इतर विकारांतही दिसतात. रक्तक्षयातही धाप लागते आणि नाडी वाढते. ल्युपसमध्ये रक्तक्षयही होत असल्याने हिमोग्लोबिन कमी आढळताच शोध तिथेच थांबण्याचा धोका असतो. पायांवरील सूज मूत्रपिंडाच्या विकाराने आलेली असू शकते, म्हणून लघवीची तपासणी आणि रक्तदाब पाहणे आवश्यक ठरते. ताप, अंगदुखी आणि प्लेटलेट घटणे हे डेंग्यूचेही चित्र आहे आणि ल्युपसचेही. डेंग्यूमुळेसुद्धा हृदयस्नायूला सूज येऊ शकते. पश्चिम घाटाच्या पट्ट्यात माकडतापाचीही भर पडते. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम आढळलेला हा ताप अलीकडच्या काळात सत्तरी तालुक्यातही पोहोचला. त्यामुळे ताप उतरून आठवडे लोटले तरी सांधेदुखी, केस गळणे, तोंडातील व्रण किंवा उन्हात वाढणारे चट्टे कायम असतील, तर ‘तापानंतरचा अशक्तपणा’ एवढ्यावर समाधान मानू नये.

आणखी एक बाब निदानाला अडथळा ठरते. २०१९ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ल्युपसच्या वर्गीकरणाचे संयुक्त निकष प्रसिद्ध केले. त्यांत हृदयाच्या बाह्य आवरणाच्या दाहाला सहा गुण आहेत, पण हृदयस्नायूच्या दाहाचा स्वतंत्र समावेश नाही. हे निकष प्रामुख्याने संशोधनासाठी आहेत. त्यांवर बोट ठेवून रुग्ण तपासला गेला, तर स्नायूचा दाह नजरेतून निसटू शकतो.

कलघटगी ते हुबळी : निदानाची वाट

धारवाड जिल्ह्यातील कलघटगी हे तालुक्याचे ठिकाण आहे. गोव्याहून कारवार, अंकोला, यल्लापूर मार्गे हुबळीला जाणाऱ्यास ते वाटेतच लागते. तेथून हुबळी सुमारे ३० किलोमीटर दूर आहे. घाटमाथा संपून मैदान सुरू होते त्या पट्ट्यातील हा भाग भातशेतीचा, आणि लावणी, निंदणी ही कामे प्रामुख्याने स्त्रियांची. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण ल्युपसला चेतवतात. उन्हात दिवस घालवणाऱ्या शेतमजूर स्त्रीला ‘ऊन टाळा’ हा सल्ला देणे सोपे, पण पाळणे अवघड असते. पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्यावरून व गालांवरून घेतलेला जाड पदर आणि दुपारच्या उन्हाच्या वेळा बदलून केलेले काम एवढे तरी तिला करता येते.

अशा गावातील रुग्णाचा प्रवास बहुधा तीन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा गावातील डॉक्टर किंवा तालुका रुग्णालयाचा. तेथे नाडी, रक्तदाब, लघवीतील प्रथिने, रक्तपेशींची मोजणी आणि हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजे ईसीजी, एवढे झाले तरी संशय पक्का करण्यास पुष्कळ आधार मिळतो. दुसरा टप्पा मोठ्या रुग्णालयाचा. १९५७ मध्ये सुरू झालेले आणि ‘किम्स’ या नावाने परिचित असलेले हुबळीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धारवाडजवळ सत्तूर येथील एसडीएम वैद्यकीय महाविद्यालय किंवा बेळगावचे केएलई रुग्णालय ही त्या भागातील प्रमुख ठिकाणे आहेत. तिसरा टप्पा हृदयाच्या एमआरआयसारख्या विशेष तपासण्यांचा, आणि तो अनेकदा महानगरापर्यंत नेतो. यांतील सर्वाधिक वेळ पहिल्या टप्प्यातच वाया जातो, कारण प्रत्येक वेळी वेगळा डॉक्टर, वेगळी गोळी आणि आधीचे कागद घरीच राहिलेले, असे घडते.

हा प्रश्न गोव्यालाही परका नाही. बांधकाम, मासळी व्यवसाय आणि घरकामाच्या निमित्ताने उत्तर कर्नाटकातील कित्येक कुटुंबे गोव्यात राहतात. त्यांपैकी एखादीला धाप लागली तर ती बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत, पोहोचते. गावी गेली की हुबळीत दाखवते. दोन राज्यांतील कागदपत्रे एकत्र येत नाहीत. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी राज्यातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. केंद्राच्या आयुष्मान योजनेचे कार्ड असल्यास ते मात्र दुसऱ्या राज्यातील नोंदणीकृत रुग्णालयातही चालते. दीर्घ उपचारांच्या व्याधीत औषध कोणत्या गावी आणि कोणत्या कार्डावर मिळणार, हा प्रश्न रोगनिदानाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

तपासण्या

ल्युपसचे निदान अनेक खुणांच्या बेरजेवर होते. ‘एएनए’ ही रक्तचाचणी जवळजवळ सर्व रुग्णांत सकारात्मक असते, पण ती कित्येक निरोगी व्यक्तींतही सकारात्मक येऊ शकते. म्हणून केवळ तिच्या आधारे ल्युपसचा शिक्का मारता येत नाही. डबल स्ट्रँडेड डीएनएविरोधी व ‘स्मिथ’विरोधी प्रतिपिंडे आणि ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनांची घट यांमुळे निदान अधिक नेमके होते.

हृदयस्नायूच्या दाहासाठी ईसीजीनंतर रक्तातील ट्रोपोनिन पाहिले जाते. स्नायूला इजा झाली की हे प्रथिन वाढते. ते नेहमीच वाढलेले असेल असे मात्र नाही. इकोकार्डिओग्राफीत हृदयाची आकुंचनशक्ती, झडपा आणि आवरणातील पाणी दिसते. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर ढकलले जाणे अपेक्षित असते. हे प्रमाण घटले आणि दुसरे कारण सापडले नाही, तर दाहाची शक्यता बळावते. हृदयाच्या एमआरआयमध्ये स्नायूतील सूज आणि व्रण प्रत्यक्ष दिसतात. हृदयस्नायूचा तुकडा काढून तपासणे ही सर्वांत खात्रीची पद्धत असली, तरी दाह ठिगळांसारखा पसरत असल्याने तुकडा निरोगी भागातून आला तर अहवाल चुकू शकतो. शिवाय त्यात जोखीम असते. म्हणून ती निवडक रुग्णांतच केली जाते.

एक पर्याय मात्र नेहमी पडताळावा लागतो, तो म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील अडथळ्याचा. १९७६ मध्ये टोरंटोतील डॉक्टरांनी दाखवून दिले की ल्युपसमधील सुरुवातीचे मृत्यू प्रामुख्याने व्याधीच्या तीव्रतेने आणि जंतुसंसर्गाने होतात, तर बऱ्याच वर्षांनंतरचे मृत्यू हृदयविकाराच्या झटक्याने. पिट्सबर्ग येथील १९९७ च्या अभ्यासात ३५ ते ४४ वयोगटातील ल्युपसग्रस्त स्त्रियांना झटक्याचा धोका समवयस्क स्त्रियांच्या सुमारे पन्नास पट आढळला. त्यामुळे छातीत दुखणाऱ्या तरुण रुग्ण स्त्रीला ‘हे पित्त असेल’ म्हणून परत पाठवणे धोक्याचे ठरते.

उपचार

दाह तीव्र असल्यास रुग्णाला दाखल करून सहसा तीन दिवस शिरेतून मोठ्या मात्रेत मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले जाते. नंतर गोळ्या सुरू करून मात्रा हळूहळू उतरवली जाते. जोडीला सायक्लोफॉस्फामाइड, मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली जातात. सायक्लोफॉस्फामाइडचा प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते सुरू करण्यापूर्वी रुग्णाशी आणि कुटुंबाशी स्पष्ट बोलणे आवश्यक असते. दुबळ्या हृदयाला आधार देणारी, पाणी उतरवणारी आणि ठोके नियमित ठेवणारी औषधे समांतर चालतात. वेळीच उपचार सुरू झालेल्या अनेक रुग्णांत आकुंचनशक्ती लक्षणीय सुधारते.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हा ल्युपसच्या उपचाराचा पाया मानला जातो. मूळचे मलेरियावरचे हे स्वस्त औषध व्याधीची पुन्हा उचल रोखते, म्हणून विशेष कारण नसेल तर प्रत्येक रुग्णाला ते दिले जाते. त्याची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला पाच मिलिग्रॅमपर्यंत ठेवतात. दीर्घ वापराने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे सुरुवातीला आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी नेत्रतपासणी करतात. फार क्वचित, वर्षानुवर्षांच्या सेवनाने, हे औषध स्वतःच हृदयस्नायूला बाधते. म्हणून जुन्या रुग्णाचे हृदय दुबळे होऊ लागले तर तज्ज्ञ ही शक्यताही तपासतात. परंतु या भीतीने परस्पर गोळी बंद करणे अधिक घातक आहे.

स्टिरॉइडच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. बरे वाटताच ते एकाएकी बंद केले जाते आणि रुग्ण गंभीर होतो. किंवा कमी न करता महिनोन्‌महिने घेतले जाते आणि मधुमेह, हाडांची झीज, क्षयरोग असे नवे विकार उद्भवतात. सध्याची दिशा दिवसाला पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा त्याहून कमी मात्रेवर येण्याची, आणि शक्य तेव्हा ते थांबवण्याची आहे. हे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे लागते.

गर्भारपण आणि बाळाचे हृदय

कलघटगीचे रंगीत, चित्रांनी नटलेले लाकडी पाळणे प्रसिद्ध आहेत. बाळंतपणात माहेरहून पाळणा देण्याची रीत त्या भागात आहे. ल्युपस ही नेमकी त्या पाळण्याच्या वयातील व्याधी असल्याने गर्भारपणाचा विचार टाळता येत नाही.

ल्युपस असलेली स्त्री आई होऊ शकते. मात्र व्याधी किमान सहा महिने शांत असावी आणि औषधे आधीच बदललेली असावीत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन व अझाथायोप्रिन गर्भारपणात चालू ठेवता येतात. मायकोफेनोलेट आणि सायक्लोफॉस्फामाइड गर्भाला घातक ठरतात. हृदयासाठी दिली जाणारी एसीई इनहिबिटर गटातील औषधेही गर्भारपणात वर्ज्य आहेत. शेवटच्या महिन्यांत किंवा बाळंतपणानंतर लागणारी धाप ‘या दिवसांत होतेच’ म्हणून सोडून न देता इको करून घेणे शहाणपणाचे ठरते.

काही स्त्रियांच्या रक्तात ‘रो’विरोधी प्रतिपिंडे असतात. ती वारेतून गर्भापर्यंत पोहोचून त्याच्या हृदयस्नायूला आणि विजेचे संदेश वाहणाऱ्या तंतूंना इजा करू शकतात. अशा मातांच्या शंभरपैकी एक-दोन बाळांत जन्मजात ‘हार्ट ब्लॉक’ आढळतो. गर्भाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असायला हवेत. ते या विकारात बरेच खाली येतात आणि अनेक बाळांना पुढे पेसमेकर बसवावा लागतो. एका बाळाला असे झाले असेल तर पुढच्या गर्भारपणात हा धोका साधारण सहापैकी एक इतका वाढतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार हायड्रॉक्सीक्लोरोक्विनमुळे तो निम्म्याहून खाली येतो. गर्भधारणेपूर्वी ‘रो’ची एक रक्तचाचणी आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भाच्या हृदयाची तपासणी, एवढ्याने बरेच साधते.

रुग्णाने आणि कुटुंबाने काय करावे?

ल्युपसच्या प्रत्येक रुग्णाने एक वही ठेवावी. तीत औषधांची नावे व मात्रा, शेवटचा इको अहवाल, ‘रो’ प्रतिपिंडांची नोंद आणि आठवड्यातून एकदा सकाळी मोजलेली नाडी लिहावी. गोवा असो वा हुबळी, ही वही जवळ असल्यास नव्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. नवीन धाप, बेशुद्धी, विश्रांतीत शंभरावर टिकून राहणारी नाडी, छातीत दुखणे किंवा एकाएकी वाढलेली सूज यांपैकी काहीही उद्भवल्यास नियमित भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि ‘मला ल्युपस आहे’ हे सर्वप्रथम सांगावे. धूम्रपान व तंबाखू सोडणे, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारणे हेही तितकेच आवश्यक आहे.

हृदयस्नायूचा दाह विरळा असल्यामुळे एखाद्या सर्वसाधारण डॉक्टरला आयुष्यभरात त्याचे मोजकेच रुग्ण दिसतील. त्यामुळे शंका उपस्थित करण्याची जबाबदारी रुग्ण, कुटुंबीय आणि डॉक्टर यांनी वाटून घ्यावी लागते. ल्युपस असलेल्या तरुण स्त्रीला धाप लागत असेल, तर हृदय ठीक असल्याची खात्री करून घेतल्यानंतरच बाकीच्या कारणांकडे वळावे.